चिंचेच्या कोळातला राजा

रोमचं साम्राज्य बुडालं असं सांगणारे इतिहासकार माझ्या मावशीकडे कधी चहाला आलेले नाहीत. अंबडच्या वाटेवरच्या तिच्या दोन खोल्यांत ते सुखरूप आहे, आणि मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, ते एकहाती सांभाळतात. जन्मभर त्यांनी कारखान्यात सुटे भाग तपासले, आणि निवृत्त झाल्यावर परदेशातून मातीने लडबडलेली रोमन ब्राँझची नाणी मागवायला लागले. ती पाण्यात महिनोन्‌महिने भिजत पडायची. एकदा मी ओट्यावरचा पेला उचलला, तर काका शांतपणे म्हणाले, "तो ठेव, त्यात एक राजा आहे. शेजारचा घे, त्यात नुसतं सरबत आहे."

मग भिंग आणि व्हर्नियर घेऊन ओळख पटवणं चाले. नाक, दाढी, मुकुट यांवरून राजा ठरायचा. ही सवय इतकी अंगात मुरली की माझ्या बहिणीला सांगून आलेल्या मुलाचा फोटो त्यांनी आधी उलटा करून पाहिला, आणि मग म्हणाले, "चेहरा बरा आहे. कडेने झिजलाय." एखाद्या नाण्यावर फिकट हिरवी पूड दिसली की ते आजारी ठरून वेगळ्या डबीत जाई, इतरांना लागण नको म्हणून. स्वतः काका तापाने फणफणलेले असले तरी सगळ्यांच्या मध्ये बसून असत. मावशी म्हणायची, "मला हिरवी पूड येऊ दे एकदा, म्हणजे बघतील माझ्याकडे."

नाण्यावरचा काळपट हिरवा थर मात्र ते जिवापाड जपत. चेहरा त्या थरातच टिकलेला असतो, थर गेला की राजा गेला. एका नाण्याची ओळख वर्षानुवर्षं पटत नव्हती. "नाक दिसायला लागलंय, घाई करायची नाही," एवढंच म्हणत.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मावशीने देवाच्या भांड्यांबरोबर ते नाणंही चिंचेच्या कोळात टाकलं. सकाळी घासून, लखलखीत करून तिने ते काकांच्या हातात दिलं. नाक नव्हतं, राजा नव्हता, काहीच नव्हतं.

"निघालं की नाही? तुम्हाला इतकी वर्षं जमलं नाही ते," ती म्हणाली. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली होती.

काकांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. "निघालं," ते म्हणाले. बाहेर येऊन मला म्हणाले, "तिला सांगायचं नाही. कोणीच."

तेव्हापासून दर दिवाळीला ते स्वतःच तिला एक नाणं घासायला देतात. आम्हाला वाटलं, फुटकंतुटकं देत असतील. पण नाणी चांगली असत, ओळख पटलेली. मी विचारलं तर म्हणाले, "वाईट दिलं तर तिला कळेल. तिची नजर माझ्यापेक्षा बरी आहे."

यंदा मावशीच्या उजव्या हातातली ताकद गेलीय. ती खुर्चीत बसली आणि काका तिच्या पायाशी चिंच घेऊन बसले. त्यांचं सगळ्यांत आवडतं नाणं होतं ते. मुकुट गेला, नाक गेलं. काका थांबले.

"थांबलात का? खाली काळं राहिलंय की," मावशी म्हणाली.

खाली दाढी राहिली होती. काकांनी आणखी थोडी चिंच घेतली आणि तीही घासून काढली.