नमिताची ‘हाक’

मनोरीच्या कोळीवाड्यातली नमिता लग्न होऊन चारकोपला आली, तरी तिचा निम्मा जीव खाडीपलीकडेच असे. वडील, चंदर, अजून होडी घेऊन दर्यावर जात. ती घरी बसून प्रोग्रॅम लिही. कॉलेज संपल्यासंपल्या तिने जावास्क्रिप्टची एक इवलीशी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडता येणारा तयार तुकडा, लिहून नेटवर ठेवली होती, ज्याला हवी त्याने वापरावी म्हणून. काम एवढंच: प्रोग्रॅमच्या एका भागाने हाक मारली, की जे भाग कान देऊन बसलेत त्या सगळ्यांना ती पोचवायची. नावही ‘हाक’च ठेवलं.

अंधेरीच्या एका छोट्या कंपनीने ती वापरून हवामान खात्याची वादळाची सूचना आपोआप फोनवर देणारं अ‍ॅप काढलं, तेव्हा चंदरने बंदरभर मिरवलं. “माझ्या पोरीची हाक हाय ती!” त्याच्या शब्दावर सगळ्यांनी ते फोनमध्ये घेतलं.

गेल्या भाद्रपदात वारा फिरला. सूचना फोनवर उमटली, पण तिच्यासोबत वाजणारा अ‍ॅपचा भोंगा वाजलाच नाही. आणि जाळं ओढताना फोनकडे बघतो कोण? होडी खडकावर आदळली. चंदर वाचला. त्याच्यासोबतच्या पुतण्या भीमराजचा उजवा हात मात्र मधे चिरडला, तो कापावा लागला.

नमिताने छडा लावला. ऐकणारे भाग रांगेत असत; हाक एकदाच ऐकून कुणी रांगेतून उठलं, की मागचा त्याच्या जागी सरके आणि हाक त्या सरकलेल्याला वगळून पुढे जाई. सूचना दाखवणारा भाग असाच उठला होता; त्याच्या मागे भोंगा होता. चूक अ‍ॅपवाल्यांची नव्हती. तिची होती. दुरुस्तीला एक ओळ पुरली.

पण ती ओळ लोकांच्या फोनात जाणार कशी? त्यासाठी कंपनीने अ‍ॅप नव्याने काढायला हवं. मेल परत आले. ती स्वतः अंधेरीला गेली, तर दारावर कुठल्याशा क्लासचा बोर्ड. “ते लोक कधीच बंद करून गेले, मॅडम,” वॉचमन म्हणाला.

ती तशीच खाडीवरच्या तरीने मनोरीला गेली.

“बाबा, ते अ‍ॅप काढून टाक. सगळ्यांना सांग. भोंगा वाजला नाय ती माझी चूक.”

“तुझी कशी गो? वारा तू सोडलास?” चंदर म्हणाला.

“तसं नाय रे बाबा, ऐक तरी—”

“ताई, जिवाला लावून नको घेऊस,” कोपऱ्यातून भीमराज म्हणाला. “एकदा नाय वाजला. माणूसपण चुकतो.”

शिवीगाळ केली असती तर बरं झालं असतं. तिने वडिलांच्या हातातून फोन घेऊन अ‍ॅप काढून टाकलं, मग घरोघर फिरली. कुणी हो-हो म्हणालं, कुणी चहा पाजला. वसई, अर्नाळ्याला ते कुणाकुणाकडे गेलंय, हे तर तिला ठाऊकही नव्हतं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. ओट्यावर भीमराज बसला होता. चंदरचा फोन मांडीवर ठेवून, डाव्या हाताच्या अंगठ्याने तो तेच अ‍ॅप पुन्हा त्यात घेत होता.