माळवाडीचं अडतिसावं घर

बाबली गावडे आमच्या नगरपालिकेत घरांवर आकडे टाकायचा. डांबराचा डबा, काथ्याचा कुंचला, खांद्यावर पंचा आणि घशात तंबाखूचा खोकला. गावातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीवर त्याच्या हातचा आकडा होता. त्याला स्वतःला मात्र दार राहिलं नव्हतं. सत्तावन्न सालच्या उधाणात खाडीकाठची वीस घरं गेली, त्यात बाबलीचं आणि त्याच्या विधवा बहिणीचं, तुळसाचं, एकत्र घर होतं. आई लवकर गेल्यावर तुळसानंच त्याला वाढवलं होतं. दोघं तेव्हापासून देवळाच्या धर्मशाळेत चूल मांडून होती.

मी नगरपालिकेतला हेडक्लार्क. गाव मला तात्या म्हणायचं. शिस्तीचा माणूस म्हणून माझा दरारा होता आणि त्याची मला घमेंडही होती.

बुडालेल्या वीस कुटुंबांना घरं बांधून देणं नगरपालिकेला भाग होतं आणि तिजोरीत खडखडाट होता. सरकारी अनुदान मिळणार, पण ज्या गावात बाराशे घरं आहेत त्यालाच. म्हणून अध्यक्षांनी गावाची हद्द वाढवली आणि आजूबाजूच्या वाड्या आत घेतल्या. घरपट्टी लागणार म्हणून वाडीवाल्यांनी आरडाओरडा केला, तो आम्ही कानाआड केला. बाबली पंधरा दिवस उन्हातान्हात आकडे टाकत फिरला आणि येऊन म्हणाला, "तात्यानू, बरोबर बाराशे." मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली आणि त्याच संध्याकाळी शिक्का मारून कागद रत्नागिरीला पाठवला. फेरमोजणी करावी एवढी अक्कल मला सुचली नाही.

महिन्याभरानं नकाशा काढायला बसलो तेव्हा नव्यानं आत घेतलेल्या माळवाडीतल्या अडतिसाव्या घराची जागाच सापडेना. बाबलीला घेऊन माळावर गेलो. सुरंगीच्या झाडाखाली एक काळा दगड, आणि त्यावर डांबरानं टाकलेला आकडा.

"हे घर कुणाचं रे?"

"राखणदाराचा," बाबली म्हणाला.

राखणदार म्हणजे वाडीची हद्द राखणारा देव. काठी नि घोंगडी घेतलेला म्हातारा, भर दुपारी दिसतो म्हणतात. माझं डोकं फिरलं. "अरे, दगड म्हणजे घर?"

"फणस कापलो काय वाटो पयलो कोणाचो काढतत, तात्यानू? जेचो वाटो, तेचा घर. माळवाडयेत वाटे अडतीस. म्हणान घरा अडतीस."

त्याच्या डोळ्यांत खोटेपणाचा लवलेश नव्हता. वाडीत पिढ्यान् पिढ्या घरं अशीच मोजली जात होती. पण माझ्या कागदावर एक घर खोटं होतं, आणि तपासणीसाठी साहेब येणार असल्याचं पत्र खिशात होतं. एक घर कमी निघालं तर अनुदान गेलं, आणि वीस कुटुंबं उघड्यावर. मी हे सगळं त्याला तिथंच सांगितलं. त्यानं दगडावरचा पाचोळा हातानं झाडला.

"थंय कोण रवात असलो तर घर होता मां?"

"होतं," मी म्हणालो. हा शब्द मी उच्चारला. दुसऱ्या कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं दगडाला लागून माडाच्या चुडतांची खोप उभी केली. मी बघायला गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. झाडावरचं एक पान हलत नव्हतं. बाबली हात जोडून गाऱ्हाणं घालत होता.

"म्हाराजा, तुझ्या घराक मी माणूस देतंय. माझ्या भैनीक घर होऊ दे. मगे मी हयसून दुसरीकडे रवाक जावचंय नाय."

गाऱ्हाण्याला उभ्या असलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं असतं. तिथं उभा मी एकटाच. कचेरीतला माणूस मी, मला लाज वाटली, मी तोंड उघडलं नाही. तरी ‘होय म्हाराजा’ आलंच. खोपीच्या आतून, जाड, सावकाश. मी आत डोकावलो. आत पसरलेली घोंगडी होती, बाकी काही नव्हतं. बाबलीनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

साहेब आले ते काटेकोर होते. खोपीत शिरले, मागच्या बाजूनं फिरून आले आणि नोंदवहीत लिहू लागले. "राहणारे इसम दोन."

"एकटोच आसंय, सायब," बाबली म्हणाला.

"मग मागच्या बाजूला मला पाणी दिलं ते आजोबा कोण?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या मिशीला अजून पाण्याचे थेंब होते. मी खोपीमागं गेलो. तिथं ना घागर होती, ना कुणाच्या पावलांचा माग. साहेबांनी सही केली. माझी पाचावर धारण बसली होती, पण अनुदान मंजूर झालं.

एकसष्ट साली त्याच माळाच्या उतारावर वीस कौलारू घरं उभी राहिली. तुळसाच्या चौकटीवर आकडा टाकायला बाबली आला. टाकला आणि पायरीवरून खाली उतरला. तिनं आत बोलावलं तर म्हणाला, "माझो नंबर थंय आसा, गो." पुढं पाच वर्षं तो घरासमोरून जायचा, पण उंबरा कधी ओलांडला नाही. ती रोज दुपारी खोपीत दोन पानं वाढून आणायची, पहिलं राखणदाराचं. मी ते कचेरीत जाता-येता बघायचो आणि मान खाली घालून पुढं जायचो. शब्द मोडून घरी जा, असं त्याला एकदा म्हणायला हवं होतं. मला भीती वाटायची.

सहासष्टच्या वैशाखात बाबली तापानं गेला. तेरावं झाल्यावर मी नोंदवही काखेत मारून माळावर गेलो. खोप रिकामी, म्हणजे नोंद रद्द करायला हवी. तुळसा तिथंच होती. दोन पानं वाढलेली.

"आता दुसरं पान कुणाचं, तुळसा?"

"बाबलीचा." तिनं पानाभोवती पाणी फिरवलं. "तुमीच तेका हयसर धाडलास, तात्यानू. परत न्हेवक मात्र इलास नाय."

तिनं हात जोडले आणि पुटपुटत गाऱ्हाणं घातलं. खोपीच्या आतून उत्तर आलं, "होय म्हाराजा." या वेळी आवाज दोन होते. दुसऱ्याला ती ओळखीची तंबाखूच्या खोकल्याची उबळ होती, पंधरा वर्षं मी ती कचेरीत ऐकली होती.

मी वही उघडली. ‘इसम दोन’ तसंच ठेवलं आणि खाली माझी सही केली.