हेराच्या कोटाचं बटण

शर्टांच्या त्या कारखान्यात कॉलर बसवाव्यात तर काकूंनीच, आणि मालिका सांगावी तीही काकूंनीच. सकाळपासून मशीनवर मान मोडून बसलेल्या बायका जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याभोवती स्टुलं ओढून बसत. मालिका हेराची होती. भावाला मारणाऱ्या बड्या माणसाच्या घरी हा हेर खोट्या नावानं ड्रायव्हर म्हणून राहिलेला, सूड घ्यायची संधी शोधत. काकू पाहिलेला भाग जसाच्या तसा सांगत. दार कुठल्या हातानं उघडलं तेही सुटायचं नाही. घरी त्यांचं कोण ऐकणार? नवरा बोलायला लागला की थांबत नसे, सून हेडफोन लावूनच वावरे. जेवणाची सुट्टी हेच काय ते काकूंचं राज्य.

मालिकेचा पहिला सीझन संपला. दुसरा आला तो पैसे भरून मोबाइलवर पाहायचा. एवढी हौस कुणाला परवडतेय? नेमकी तेव्हाच काज-बटणाच्या टेबलावर एक नवी पोरगी आली. तोंडातून शब्द फुटत नसे तिच्या. पण एकदा हळूच म्हणाली, भावाच्या मोबाइलवर दुसरा सीझन आहे, सांगू का?

झालं. स्टुलं काकूंकडून उठली ती तिच्याकडे गेली. ती सांगायची, बड्या माणसाची थोरली बहीण ड्रायव्हरचं खरं रूप ओळखते, पण कुणाला सांगत नाही. रोज सकाळी त्याच्या कोटाचं सैल झालेलं बटण तेवढं शिवून देते. बायका डोळे पुसायच्या. इस्त्रीवालासुद्धा इस्त्री उभी करून ऐकायचा. हेराच्या गोष्टीत बटण कुठून आलं, असं काकू एकदा फणकाऱ्यानं बोलल्या. कुणी वळूनही पाहिलं नाही. सरळ सांगायचं तर काकू जळत होत्या. पोरीची वेणी, तिचं ते हळू बोलणं, घास हातात धरून मधेच थांबणं, सगळं त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. एकदा तर कॉलर उलटी बसली त्यांच्या हातून, उभ्या जन्मात पहिल्यांदा.

रविवारी भाचीकडे जाऊन तिच्या मोबाइलवर त्यांनी दुसरा सीझन पाहायला घेतला. पहिल्याच भागात हेरानं बड्या माणसाला गोळी घातली आणि तो परदेशात पळाला. पुढे नुसता गोळीबार. थोरली बहीण नाही, कोट नाही, बटण नाही. पोरीनं सगळं मनानं रचलं होतं. काकूंचा चेहरा असा फुलला की भाचीनं विचारलं, मावशी, लॉटरी लागली की काय?

सोमवारी त्या मुद्दाम पोरीसमोर बसल्या.

"मी काल दुसरा सीझन पाहिला," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

पोरीचा घास हातातच राहिला, चेहरा पांढराफटक पडला. बाकीच्या मात्र काकूंकडे वळल्या, कितीतरी दिवसांनी. त्या बहिणीचं पुढे काय होतं, असं शेजारणीनं घाईघाईनं विचारलं.

खरं सांगायला काकूंचं तोंड उघडलंच होतं. पण खरं सांगितलं की बहीण गेली, बटण गेलं, उरला गोळीबार. तो ऐकायला कोण बसणार? त्यापेक्षा पोरीची गोष्टच हिसकावून घ्यावी.

"हिनं सांगितलं ते बरोबरच आहे. पुढचं मी सांगते."

सांगायला गेल्या आणि काही सुचेना. जन्मभर पाहिलेलंच सांगितलेलं. न पाहिलेलं आणायचं कुठून? सगळ्या वाट बघत होत्या.

"काकू, ते बटण तुटून बड्या माणसाच्या हातात येतं ना, तिथून सांगा," पोरगी हळूच म्हणाली.

तिनं सावरून घेतलं होतं, आणि तेच काकूंना सगळ्यात जास्त झोंबलं. त्याहून वाईट म्हणजे, बटण त्याच्या हातात पडल्यावर काय झालं, हे कळल्याशिवाय त्यांना राहवेना.

"तूच सांग बाई, माझा घसा बसलाय," असं म्हणून काकूंनी आपलं स्टूल पुढे ओढलं.