तिसऱ्यांदा विचारलं असतं तर

विमलाताईंच्या माहेरी, देवगडच्या बाजूला, पंगतीत वाढायला आलेल्या बाईला कुणी पहिल्याच फेरीला ‘हो’ म्हटलं, तर त्याची गणना हावऱ्यात होई. पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं. दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा. तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धाच’ म्हणून अख्खा वडा घ्यायचा. वाढणारीही तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय पुढे सरकत नसे, नाहीतर कंजूष म्हणून तिचंच नाव झालं असतं. हे कुणी कुणाला शिकवत नसे. पोरं बघून बघून शिकत.

ही रीत घेऊनच विमलाताई लग्न होऊन घाटकोपरला भटवाडीच्या चाळीत आल्या. नवरा धाकू गिरणीत होता. बोलायला रांगडा, पण बायकोचं ‘नको’ त्याला बरोब्बर वाचता येई. दिवाळीला साडी घेऊया का, म्हणून तो विचारी. आहेत की, त्या म्हणत. तो चहा पिऊन झाल्यावर परत विचारी. कशाला उगाच खर्च, त्या भांडी घासता घासता म्हणत. मग चपला घालताना दारातून तो नुसताच “विमल?” म्हणे, आणि विमलाताई मान वर न करता सांगत, “फिकी नको. मोरपंखी मिळाली तर बघा.”

एकदाच घोळ झाला. गिरणी बंद पडली, हातात जे पैसे आले त्यात बदलापूरला तळमजल्यावरच्या खोल्या मिळत होत्या. जाऊया ना, असं धाकूने विचारलं तेव्हा त्याचा चेहरा इतका उतरलेला होता, की विमलाताई पटकन ‘जाऊया’ म्हणून मोकळ्या झाल्या. खरं तर चाळ सोडायची त्यांना अजिबात इच्छा नव्हती. शेजारची कमल, कोपऱ्यावरची कोळीण, घाटकोपरचा बाजार, सगळं जिवाभावाचं होतं. पण नकाराला माणसं पुन्हा विचारतात, होकाराला कोण विचारतो? ट्रक लागला आणि त्या आल्या.

बदलापूरला त्यांनी मागच्या अंगणात अबोली लावली, कढीपत्ता लावला, भजनी मंडळात नाव घातलं. बघणाऱ्याला वाटे, बाई इथे अगदी रमली. धाकू गेला त्याला आता सात वर्षं झाली. तीनदा विचारणारं माणूसच घरातून गेलं, हे मात्र त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

घरात मुलगा सुयोग, सून दीप्ती आणि नात श्वेता. सुयोगचं ऑफिस अंधेरीला, दीप्ती घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. सकाळी विमलाताईंचा चहा उकळेपर्यंत दोघं बाहेर पडलेली असत, आणि परत येत ती देवाजवळचा दिवा शांत झाल्यावर. त्यातच श्वेताला अकरावीला मुलुंडचं कॉलेज मिळालं. मग एका रविवारी जेवणं झाल्यावर सुयोगने विषय काढला, की मुलुंडला भाड्याने जागा घेऊ. ही जागा आईच्या नावावर आहे, ती न विकता तशीच राहू दे.

विमलाताई मटार सोलत होत्या. मुलुंड! म्हणजे घाटकोपर हाकेच्या अंतरावर. कमलकडे वाटेल तेव्हा जाता येईल. श्वेता दुपारी कॉलेजातून घरी येईल, गरम जेवेल.

“आई, तुम्ही पण येणार ना?” दीप्तीने विचारलं.

“मी कशाला?” विमलाताई म्हणाल्या. “मला इथं काय कमी आहे? तुमचं तुम्ही बघा.”

हे झालं पहिलं ‘नको’. आता दुसऱ्यांदा विचारतील म्हणून त्यांनी मटाराची पुढची शेंग उचलली. सुयोगने तोंड उघडलंही होतं. “अगं आई, पण...” एवढं तो म्हणाला, तोच दीप्तीने त्याला अडवलं.

“सुयोग, त्यांनी सांगितलं ना. नको ओढूस त्यांना.”

दीप्तीच्या मनात काळं काही नव्हतं, हे इथेच सांगायला हवं. ती चारकोपच्या सेक्टरमधल्या फ्लॅटात वाढलेली. आईवडील दोघं नोकरीला, घरात मोजकी माणसं आणि मोजकं बोलणं. हवं असेल तर घे, नको असेल तर सांग, उरलेलं उद्याच्या डब्यात जाईल. लग्न झाल्यावर पहिल्या सणाला विमलाताईंनी वडे वाढायला घेतले, तेव्हा ही ‘हो, द्या ना दोन’ म्हणाली होती आणि सगळ्या चुलत सासवांनी एकमेकींकडे पाहिलं होतं. त्याच दिवशी नंतर दीप्ती वाढायला उठली. विमलाताई ‘नको गं’ म्हणाल्या, आणि ती ‘बरं’ म्हणून परात घेऊन पुढे गेली. विमलाताई त्या दिवशी एका वड्याने उपाशी राहिल्या. पुढे कित्येक वर्षं त्या हे दीप्तीच्या माघारी कमलला हसून सांगत.

आणि या खेपेला दीप्तीपाशी आणखी एक कारण होतं. तिच्या आईला भावाने असंच पुण्याला नेलं होतं, चांगल्या मनाने, आग्रह करकरून. अकराव्या मजल्यावर ती बाई दिवसभर खिडकीत बसायची आणि चारकोपच्या भाजीवाल्यांची नावं घ्यायची. दोन वर्षांत सुकून गेली. तेव्हापासून दीप्तीने मनाशी ठरवलं होतं, की म्हाताऱ्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध हलवायचं नाही. सासूने तोंडाने नको म्हटलंय, तिच्या शब्दाचा मान राखायचा.

विमलाताई वाट बघत राहिल्या.

जागा बघायला जाताना दीप्तीने त्यांना मुद्दाम बरोबर घेतलं. तुमची नजर बरी आई, आम्हाला ओल कळत नाही, असं म्हणाली. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमची जागा होती. छोट्या खोलीच्या खिडकीतून खालचा भाजीबाजार दिसत होता, आणि एक बाई अळूच्या जुड्या नीट रचून बसली होती. सुयोग एजंटशी पाण्याच्या वेळा बोलत होता, दीप्ती नळ सोडून बघत होती. विमलाताई छोट्या खोलीत एकट्याच होत्या. त्यांनी भिंतीला हात लावला आणि वितीने मोजत गेल्या. श्वेताचा पलंग खिडकीशी, आणि इकडे आपली लोखंडी खाट बसते. आरामात बसते.

“आजी, काय मोजतेस?” श्वेता दारात उभी होती.

“ओल आहे का बघते,” त्या म्हणाल्या आणि हात पदराला पुसला.

जागा पसंत पडली. दीप्ती आणि श्वेता लोकलने घरी गेल्या, आणि सुयोगने परतण्याआधी विमलाताईंना उलट्या दिशेला घाटकोपरला कमलकडे सोडलं आणि तो गाडीत पेट्रोल भरायला गेला. कमलची चाळ पडून तिथे इमारत झाली, तरी कमल तशीच, दार उघडं टाकून बसणारी. विमलाताईंनी सगळं सांगितलं. कमलने कपाळावर हात मारला.

“तुका तोंड नाय काय गो? सांग ना, माका येवचा हा म्हणान.”

“आपणहून कसं सांगायचं? त्यांनी विचारायला नको?”

“विचारलं ना एकदा.”

“एकदा,” विमलाताई म्हणाल्या.

कमल म्हणाली, की माझी सून तर एकदासुद्धा विचारत नाही. मीच ताट पुढे करते आणि आणखी एक चपाती दे म्हणते. लाज वाटायची पहिली पहिली, आता भूक जास्त वाटते. आणि वर टोमणा मारला, “तुझ्या धाकूने तुला लाडावून ठेवलीन. आता त्याला कुठून आणायचा?”

घरी जाऊन सांगायचंच, असं ठरवून विमलाताई निघाल्या. पण घरी पोचल्या तर न्हाणीघरात माणूस भिंतीला दांडी ठोकत होता. आईंचा पाय घसरू नये म्हणून दीप्तीने सांगून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी नीलम नावाची एक बाई घर बघून गेली, ती रोज सकाळी येणार, केर-लादी करणार, सोबतीला थांबणार. मग दीप्तीने मुलुंडसाठी नवी कढई, नवा कुकर, नवे डबे आणले. म्हणाली, “आई, तुमच्या ओट्यावरचा एक चमचासुद्धा मी हलवणार नाही. तुम्हाला सगळं जिथल्या तिथे मिळेल.”

हे ऐकून विमलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दीप्तीला वाटलं, आनंदाचं.

इतकं सगळं मनापासून केल्यावर तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, की हे मला नको होतं? त्यांनी आडून आडून बघितलं. मुलुंडला पाणी बरं येतं म्हणतात, म्हणाल्या. हो, दोन वेळा, दीप्ती म्हणाली. श्वेताला माझ्याच हातचं तिखट लागतं, म्हणाल्या. हो ना, मला महिन्याचं भरून द्याल का, दीप्तीने विचारलं. त्यांनी तिखट भरून दिलं. कोकमाच्या आगळाची बाटली दिली. नव्या घरात पहिल्यांदा न्यायचं मीठ, हळद आणि तांब्याचा कलश लाल फडक्यात बांधून दिला. सामान बांधण्यात सगळ्यांत जास्त त्याच राबल्या. काच कशात गुंडाळायची, देवाची तसबीर कुणाच्या मांडीवर द्यायची, सगळं त्यांनीच सांगितलं. शेजारीण म्हणालीसुद्धा, की स्वतः जाणारी बाई एवढं करणार नाही.

टेम्पो लागला त्या दिवशी सुयोगचा जीव कासावीस झाला होता, तो उगाच दोऱ्या ओढून बघत होता. श्वेता पुढे जाऊन बसली. दीप्ती वाकून पाया पडली, आणि उठताना तिने सासूचे दोन्ही हात धरले.

“आई, मन बदललं असलं तर आत्ता सांगा. खरंच. आपण अजून करू काहीतरी.”

दुसऱ्यांदा विचारलं होतं. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते समोर आलं होतं. आणि साठ वर्षांची सवय जिभेवर आली, जशी ताटावर हात आडवा धरताना येते.

“नको गं. मी इथं बरी आहे.”

त्यांनी दीप्तीचे हात सोडले नाहीत. थोडे जास्तच घट्ट धरले. धाकूला ते कळलं असतं. दीप्तीने मान हलवली, डोळे पुसले आणि ती गाडीत बसली. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तरी विमलाताई फाटकाशी उभ्या होत्या. नीलमने दोनदा आत बोलावलं.

दसऱ्याला मुलुंडच्या घरी जेवायला बोलावलं. सुयोग न्यायला आला. घर छान लावलं होतं. छोट्या खोलीत श्वेताचा पलंग खिडकीशी होता आणि वितीने मोजलेल्या भिंतीशी तिचं टेबल, त्यावर पुस्तकांची चळत. खाली अळूवाली होती. विमलाताई बाजारात जाऊ का म्हणाल्या, तर दीप्तीने त्यांना सोफ्यावर बसवलं. तुम्ही आज काही करायचं नाही, म्हणाली. पाणी दिलं ते ट्रेमधून.

जेवायला काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे होते. दीप्तीने पहिल्यांदाच स्वतः केले होते, थोडे जाड, पण फुगलेले. विमलाताईंना पहिल्या पानावर बसवलं. दोन वडे झाल्यावर ती परात घेऊन आली.

“घ्या ना आई.”

“नको गं, पुरे.”

ती गेली नाही. “माझे बिघडलेत म्हणून का?”

विमलाताईंनी ताटावर हात आडवा धरला. दीप्ती तरी हलली नाही. हसून म्हणाली, “श्वेताला कमलमावशींनी फोनवर सगळं सांगितलंय, तुमच्याकडे तीनदा विचारावं लागतं ते. मला मेलीला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही. घ्या बघू. हे तिसरं.”

सुयोग हसला, श्वेताने टाळी वाजवली. विमलाताईंनी हात बाजूला घेतला. वडा ताटात पडला. त्यांनी तो मोडला, उसळीत बुडवला, पण घास काही लवकर उतरेना. दीप्तीला वाटलं, मीठ जास्त झालं. नाही गं, चांगला झालाय, त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. वडा खरंच चांगला झाला होता. फक्त पाहुण्याला वाढावा तसा वाढला होता, आणि त्या पहिल्यांदाच आपल्याच माणसांकडे पाहुण्या होत्या.

दीप्ती परात हातात धरून उभीच राहिली. हसू हळूहळू ओसरलं. तिने सासूच्या ताटाकडे बघितलं, मग छोट्या खोलीच्या दाराकडे, आणि ती काही विचारायला गेली. पण काय विचारायचं आता? न्हाणीघरातली दांडी, नीलमचा पगार, श्वेताचं टेबल, सगळं जागच्या जागी बसलेलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

उन्हं कलल्यावर सुयोगने गाडीची किल्ली घेतली. विचारायची रीत म्हणून, उत्तर ठाऊक असल्यासारखं त्याने विचारलं, “आई, राहतेस का आज?”

“राहते,” विमलाताई म्हणाल्या.

सुयोग किल्ली हातात घेऊन तसाच थांबला. दीप्ती आतून बाहेर आली. विमलाताई सोफ्यावर ताठ बसल्या होत्या, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, पंगतीत पहिल्याच फेरीला ताट पुढे करणाऱ्या पोरीसारख्या.

“बरं केलंत,” दीप्ती म्हणाली आणि माळ्यावरची गादी काढायला स्टूल घेऊन आली. ती गादी कुठे घालायची, हे मात्र तिला चटकन सुचेना. श्वेता म्हणाली, माझं टेबल सरकवूया. चौघांनी मिळून ते सरकवलं. एका रात्रीपुरतं.