नळी दोन दिवस जास्त राहिली

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी अतिदक्षता विभागाचा विषय निघाला की मोजणीबाईंचा चेहरा खुलतो. त्या तिथल्या मुख्य नर्स, पण त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे. मानेतल्या मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून औषध द्यायचं, तर आधी नळीचं तोंड स्पिरिटने घासायचं आणि घासताना पंधरापर्यंत मोठ्याने मोजायचं, हा त्यांचा दंडक. बाराला थांबणाऱ्याने पुन्हा एकपासून सुरुवात करायची. "मोजणीबाई आल्या, हात धुवा रे!" असं मोठे डॉक्टरही म्हणत आणि निमूट धुवत. काय दिवस होते ते! पायांचे तुकडे पडायचे, पण घरी जावंसं वाटायचं नाही.

रोज सकाळी प्रत्येक खाटेपाशी त्या विचारत, "ही नळी आज कशाला हवी?" उत्तर आलं नाही, की नळी काढायला लावत. नळी जितकी राहील, तितकी जंतूंना वाट मोकळी.

मग एकदा त्यांची आईच पोटाचं ऑपरेशन होऊन तिथे आली. चौथ्या दिवशी ती उठून बसली, खाऊ लागली. हाताखालच्या नर्सने नेमाप्रमाणे विचारलं, "बाई, नळी काढू ना?"

"राहू दे आजचा दिवस. हाताला शीर सापडत नाही गं तिच्या. नळी नसली, की रक्त काढायला पाच-पाच वेळा टोचतात. बघवत नाही मला."

"पण बाई, तुम्हीच तर..."

"आई माझी आहे ना?"

नर्स पुढच्या खाटेकडे वळली. बाईंनी नळीचं तोंड घासलं, पंधरा मोजले, सगळं साग्रसंगीत केलं. दुसऱ्या दिवशीही 'राहू दे' झालं. तिसऱ्या दिवशी आईला हुडहुडी भरली, ताप चढला, रक्तात जंतू सापडले. नळी लगेच काढली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढचे अकरा दिवस आई राहते की जाते, अशी होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! उशाशी बसून बाई स्वतःला हेच ऐकवत होत्या.

आई वाचली. घरी येऊन चांगली सहा वर्षं जगली. आल्यागेल्याला ती लेकीचा हात धरून सांगायची, "मी आज आहे ती हिच्यामुळे. अकरा दिवस हलली नाही हो माझी पोर!" बाई कितीदा तरी नळीचं खरं सांगायला गेल्या आणि चहा टाकायला उठल्या. आई गेली, ती तेच सांगत गेली.