सोनपापण्यांचं घर

आमचा गिरधर डॉक्टर झाला आणि आजवर एकाही तापकऱ्याला त्यानं गोळी दिली नाही. सांगा, आहे का जगात असा डॉक्टर? कोरीट गावच्या आमच्या बापानं पोटाला चिमटा घेऊन त्याला मुंबईला शिकवलं, नंदुरबारला स्टेशनजवळ दवाखान्यासाठी जागा बघून ठेवली, आणि हा म्हणतो, "बाबा, दवाखाना नको. मी संशोधन करणार." कशाचं? तर माणसाचं हृदय बंद पडतं ते का, आणि पडायच्या आधीच अडवता येईल का, ह्याचं! बाप खाटेवर बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. मी म्हटलं, "अरे येड्या, दुखणं आल्यावर डॉक्टर बोलावतात. न आलेल्या दुखण्याचे पैसे कोण देणार तुला?" तो नुसता हसला. लहानपणापासून असाच, बोललेलं अंगाला लावून घेत नाही.

पण हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते माझ्या सासरच्या ओट्यावर. चोपन्न सालची आखाजी. गिरधर तेव्हा शेवटच्या परीक्षेला बसायचा होता, सणाला मला माहेरी न्यायला तापीकाठच्या आमच्या गावी आला होता. माझे थोरले दीर धुडकूभाऊ पुरणाच्या मांड्यांवर तुपाची धार ओतून घेत जेवले, ओट्यावर येऊन बिडी पेटवली, आणि हातातली काडी विझायच्या आत गेले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती हो! गिरधरनं त्यांची छाती चोळली, हात वरखाली करून श्वास भरू पाहिला, काय काय केलं. मग मागे सरकून भिंतीला टेकला, चेहरा पांढराफटक. "आक्का, एवढं शिकलो आणि मला काहीच करता आलं नाही," म्हणाला.

आणि माझी सासू, तापीबाई! मयत उचलायच्या आधीच तिनं माझ्या थोरल्या जावेकडे, कौसाबाईकडे बोट केलं. "पांढरा पायनी शे ती! मन्हा पोऱ्याले खाई गयी!" नांदून नांदून केस पिकायला आलेल्या बाईचे पाय त्या दिवशी पांढरे ठरले. तेव्हापासून घरातलं कुणी गावाला निघालं की कौसाबाईला हुकूम, गोठ्याच्या दाराआड जा, तोंड दाखवू नको. आणि सासू स्वतः कुंकवाचं कपाळ मिरवत समोर उभी राहायची, जाणाऱ्याच्या हातावर दही घालायला. माझा जीव जळायचा. पण सुनेच्या जातीनं बोलायचं कुणापुढं?

सासूचा तोरा वेगळाच होता. तिच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, हरभऱ्याच्या डाळीएवढे पिवळे ठिपके होते. तसेच धुडकूभाऊंना, तसेच आमच्या ह्यांनाही. ती म्हणायची, लक्ष्मीनं सोन्याचं बोट लावलंय. माझं लग्न जमवताना बापाला मुद्दाम उजेडात बसवून ह्यांच्या पापण्या दाखवल्या होत्या, आणि बापही खूश, लेक सोनपापण्यांच्या घरात पडली म्हणून. माहेरची गोष्टही ती कौतुकानं सांगायची. तिचे तिन्ही भाऊ म्हणे तरणेबांड असतानाच गेले, "पन राजागत गयात, एक दिन बी खाटवर पडनात नही."

इकडे गिरधर गावोगाव हिंडायला लागला. महिनाभर धडगावच्या डोंगरात, मग महिनाभर तापीकाठी. कोण काय खातं, किती चालतं, बिडी किती ओढतं, हेच विचारत. धडधाकट माणसाच्या दंडाला पट्टा बांधायचा, सुई टोचून रक्त काढायचं आणि बर्फाच्या पेटीतून मुंबईला न्यायचं. पंगतीत बसला तरी शेजाऱ्याच्या ताटातल्या तुपावर नजर! लोक म्हणायचे, आला बघा निरोग्यांचा डॉक्टर. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बासष्ट साली मात्र मीच त्याला बोलावून घेतलं. आमचे हे धुडकूभाऊंच्या वयाला आले होते. गाडी चढणीला लागली आणि ह्यांनी चाकाला हात दिला, की दुसरा हात छातीवर जायचा. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, वारा धरलाय." जेवून ओट्यावर बसले की मी बिडीच्या काडीकडे बघत राहायची.

गिरधरनं ह्यांच्या पापण्या बघितल्या. मग टाचेमागची शीर चाचपली. तिथं गाठी होत्या. त्याचा हात थांबला.

"हे कधीपासून?"

"आमना घरनं वैभव शे ते!" सासू ठसक्यात म्हणाली.

त्यानं घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. सत्तरीचे सासरे, काटकीसारखे, त्यांनीही दिलं. शेवटी सासूनं हसत हात पुढे केला. "घे, मन्हं बी घे. सोनं निंघी त्यामा."

काही आठवड्यांनी तो स्वतःच आला. सगळ्यांना ओट्यावर बसवलं. शहरात राहून त्याची बोली पुस्तकी झाली होती, पण त्या दिवशी एकेक शब्द शोधत बोलत होता. म्हणाला, ह्यांच्या रक्तात एका जातीची चरबी आहे, असायला हवी त्याच्या दुपटीहून जास्त. मोटेच्या पन्हाळीत गाळ बसावा तशी ती हृदयाच्या नळ्यांत बसते, आणि एक दिवस पन्हाळ बंद होते. पापणीवर दिसते तीही तीच. टाचेच्या गाठीतही तीच.

सोनं नव्हतं ते! ज्याच्यासाठी बापानं पेढे वाटले, ते मरण होतं, तोंडावर लिहिलेलं, आणि आम्ही सगळे त्याला हात जोडत होतो!

"सासऱ्यांचं रक्त एकदम स्वच्छ आहे," गिरधर म्हणाला.

सासूनं त्याच्याकडे बघितलं. "धुडकूले बी हाईच व्हतं का?"

त्यानं मानेनंच हो म्हटलं.

"आनी मन्हा भाऊस्ले?"

तो खाली बघायला लागला.

"मंग हाई मन्हापाईन उनं?"

होतं ते तिच्याकडूनच आलेलं. आठ वर्षं माझ्या जिभेवर साठलेलं होतं. आता गल्लीत उभी राहून ओरडणार होते मी, कुणाचे पाय पांढरे ते! पण सासूनं नख पापणीला लावलं होतं आणि ती खरवडत होती, खरवडतच होती, लाल होईस्तोवर. मी ओटा उतरलेच नाही. गिरधरनंच तिचा हात धरला. "आत्या, तुम्ही काय मागून घेतलं का हे? उखादाजींना माझ्याबरोबर पाठवा. तूप बंद, बिडी बंद, आणि एक नवं औषध देऊन बघतोय आम्ही. खात्री देत नाही. पण या वेळी आपण आधी पोचलोय."

त्या दिवशी सासू जेवली नाही.

सकाळी नंदुरबारला जायला गाडी जुंपली. सुरतेवरून मुंबई गाठायची होती. हे कपडे घालून दारात उभे राहिले. सवयीनं कौसाबाई पदर ओढून गोठ्याकडे वळली. दह्याची वाटी घेऊन सासू बाहेर आली, पापण्या सुजलेल्या. ती ह्यांच्यासमोर गेलीच नाही. सरळ गोठ्याच्या दाराशी गेली आणि वाटी कौसाबाईच्या हातात दिली.

"कौसा, तू म्होरे ये," ती म्हणाली. "मी मझार जास."

कौसाबाई पुढे आली, आणि घालताना अर्धं दही ह्यांच्या मनगटावर सांडलं. ह्यांनी ते तसंच चाटलं, तिच्या पाया पडले आणि गाडीत बसले. मी मागे वळून बघितलं. गोठ्याच्या दाराआड, एरवी कौसाबाई उभी राहायची तिथं, माझी सासू भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि गाडी गल्लीबाहेर पडेपर्यंत तिनं लेकाकडे वळून बघितलं नाही.