प्रोग्रामच्या आतून दिलेला हुकूम

ते प्रकरण आठवलं की आजही मला एका जागी बसवत नाही. उठतो, अंगणात दोन फेऱ्या मारतो, पुन्हा येऊन बसतो.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. कुंभकोणमच्या तालुका ठाण्याचा मी निरीक्षक. पट्टीश्वरमच्या वाटेवर एक खासगी भातसंशोधन केंद्र होतं. तिथले प्रमुख शास्त्रज्ञ फिर्याद घेऊन आले : संगणकातली तीन हंगामांची आकडेवारी कुणीतरी मुद्दाम पुसून टाकली. आमचा हवालदार डोकं खाजवत म्हणाला, "सार, पंचनामा कशाचा करायचा? संगणक तर जागेवरच आहे!"

शास्त्रज्ञांनी समजावलं. यंत्र सुरू केलं की थेट सांख्यिकीचा प्रोग्रामच उघडायचा. फाईल पुसायची तर त्यातून बाहेर पडून यंत्राला हुकूम द्यावा लागे, आणि बाहेर पडण्याचा परवलीचा शब्द एकट्या ऑपरेटर बाईंना ठाऊक. "आम्ही कुणी प्रोग्रामबाहेर जातच नाही," ते ठासून म्हणाले. त्याच दुपारी केंद्राच्या शिपायाकडून टीप आली. बाईंनी तिरुक्करुगावूरच्या गर्भ राखणाऱ्या देवीला जायला रजा मागितली होती, शास्त्रज्ञसाहेबांनी नाकारली आणि दोघांचं चांगलंच वाजलं होतं. हेतू मिळाला, संधीही मिळाली. संध्याकाळपर्यंत अटक दाखवा, असे वरून फोन सुरू झाले.

बाई पाच महिन्यांची गरोदर. त्यात आमच्यासारख्याच, मराठेशाहीत इथे येऊन राहिलेल्या मराठी घरातली. झालं! अख्खं ठाणं माझ्या तोंडाकडे बघत बसलं. साहेब आपल्या माणसाला वाचवतात की काय, हेच प्रत्येकाच्या डोळ्यांत.

तिला ठाण्यात आणून, महिला पोलीस शेजारी बसवून जबाब घेतला. तिने घरच्या मराठीत सुरुवात केली, "अण्णा, मी कशाला पुसेन? ते आकडे मीच तर भरले. तुम्ही ओळखता मला."

मी तमिळमध्ये म्हणालो, "विचारतो तेवढ्याचंच उत्तर द्या."

मग तीही तमिळमध्ये बोलू लागली. खोटं बोलणारा माणूस न विचारलेलंही सांगत सुटतो, हा माझा अनुभव. हिच्यापाशी सांगण्यासारखं काही नव्हतंच. पण माझ्या अनुभवाला कोर्टात कोण विचारतो?

घरातल्या चोरीत आम्ही प्रत्येकाला रोजचं काम रोजच्यासारखं करून दाखवायला लावतो. तेच इथे करायचं ठरवलं. केंद्रावर जाऊन म्हटलं, एकेक जण बसा आणि नेहमीचं काम करा. सुरुवात शास्त्रज्ञांपासूनच केली. ते कुरकुरले, पण बसले. गणित झालं. "आता निकाल फ्लॉपीवर घ्यायचे, त्याआधी फ्लॉपी रिकामी करतो," असं म्हणत त्यांनी एक उद्गारचिन्ह टाइप केलं आणि पुढे काही अक्षरं.

"हे काय?"

"फाईल पुसायचा हुकूम."

"पण तुम्ही प्रोग्रामबाहेर कुठे गेलात?"

"बाहेर कशाला जायला हवं? या चिन्हापुढे लिहिलं की आतूनच हुकूम जातो."

पडद्यावर यंत्राचा प्रश्न आला : सगळं पुसायचं, खात्री आहे? शास्त्रज्ञांचं बोट सवयीने होकाराकडे गेलं आणि वाटेतच थांबलं. हुकमात फ्लॉपीच्या खणाची खूण सांगणारं अक्षर लिहायचं राहून गेलं होतं. त्यावाचून तो हुकूम थेट आकडेवारीच्या जागेवर चालणार होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "त्या दिवशीही... असंच झालं असणार," ते पुटपुटले.

फिर्याद मागे घेताना त्यांनी 'यांत्रिक बिघाड' असं लिहिलं. माझं टाळकंच सरकलं. "एका गरोदर बाईला तुरुंगात पाठवायला निघाला होतात तुम्ही! माझ्या हातून झालं, असं लिहा," मी ओरडलो. त्यांनी निमूटपणे लिहिलं.

माणूस खोटं बोलला नव्हता. बाहेर कोण गेलं, एवढंच आम्ही विचारत बसलो होतो. पुढे नोकरी संपेपर्यंत मी आधी विचारायचो, आत बसून कोण काय करत होतं?

बाईंना सोडलं तेव्हा फाटकाशी तिचा नवरा उभा होता. मी मराठीत म्हणालो, "ताई, तुझ्यावर आता काही नाही. जपून घरी जा."

"सरी, सार," तिने तमिळमध्येच 'बरं' म्हटलं.

ठाण्यात मी तमिळ बोललो ते योग्यच होतं. आजही तसंच बोलेन. पण नंतर तिरुनागेश्वरमच्या देवळात ती कितीदा तरी भेटली. लेकराशी मराठीत बोलत असायची. मला पाहिलं की तमिळमध्ये ख्यालीखुशाली विचारायची, "सौख्यमा, सार?"